मिरचीच्या शेडनेटमधली शिंक

"हे कुणालाच खरं वाटणार न्हाई, आधीच सांगून ठेवतो," असं म्हणून रामरावांनी उलटं घमेलं ओढलं, त्यावर बैठक मारली आणि पुरेसे कान जमलेत की नाही ते एकदा नजरेनं पाहून घेतलं.

कान भरपूर होते. शहागडकडची शेतकरी मंडळी, बाया-माणसं मिळून, जाफराबादच्या शिवारात मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट बघायला आली होती. त्यांना घेऊन आला होता आदिनाथ, बियाणं कंपनीचा माणूस. पण शेडनेटमध्ये, म्हणजे त्या जाळीच्या मांडवात, सकाळचं क्रॉसिंग चाललेलं. ते उरकेपर्यंत बाहेरच्या माणसानं आत पाऊल टाकायचं नाही, असा तिथला कायदा. कुणाच्या धोतराला कुठल्या मिरचीचा पराग चिकटून आला असेल, कुणी सांगावं! म्हणून आदिनाथ म्हणाला, "बाबा, पाहुण्यांना जरा बसवून घ्या." म्हणाला आणि लगेच पस्तावला. कारण रामरावांना असं सांगणं म्हणजे उताराला लागलेल्या गाडीला मागून धक्का देणं.

"आत ती दिसतीय न, डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली? टोळीची मुकादम. आमची सून, सुरेखा," रामराव म्हणाले. 'आमची' हा शब्द त्यांनी असा लांबवला की त्यात त्यांची सात-बारावरची सगळी जमीन मावली असती. "तीन सालाखाली तिची शिंक कशी व्हती म्हन्ता? हितं शिंकली की जाफराबादच्या बाजारात कलिंगडं गडगडत जायची."

"इतक्या लांबून?" एकानं विचारलं.

"वाऱ्यावर राह्यतं ते. वारं नसलं तर निस्ती हालायची."

मंडळी हसली. एक बाई मात्र हसली नाही. ती रस्त्याकडेच्या गाजरगवतापासून जमेल तितकी लांब, नाकाला पदर लावून उभी होती. डोळे लाल, पापण्या सुजलेल्या. बेबीनंदा तिचं नाव.

"खरंच शिंकायच्या का हो त्या?" तिनं पदराआडूनच विचारलं. "रोज? माझ्यासारख्या?"

रामरावांनी तिच्याकडं पाहिलं आणि घमेल्यासकट तिच्या बाजूला वळले. बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल, नाही ऐकलं तरी चालेल, असं आता त्यांचं तोंड दिसायला लागलं.

सुरेखाचा हात हे काय प्रकरण आहे, ते आधी कळायला पाहिजे. मिरचीचं संकरित बियाणं यंत्रातून पडत नाही, ते बायांच्या बोटांतून निघतं. उमलायच्या बेतात असलेली कळी आदल्या दिवशी चिमट्यानं सोलायची, तिच्यातला तिचा स्वतःचा पराग काढून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग तिच्या टोकाला लावायचा. पराग ठेवायला बोटात अंगठी, अंगठीवर खड्याच्या जागी इवलीशी वाटी. टोक त्या वाटीत अलगद बुडवायचं, देठाला दोरा बांधायचा, पुढची कळी. जोर लावला तर कळी मोडते, हलका हात लावला तर पराग बसत नाही. सुरेखाला हे कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी ती शेजारणीचं बघून शिकली, दुसऱ्या वर्षी शेजारीण तिचं बघायला लागली. शेजारच्या ओळीतली नूरबी म्हणायची, "ये सुरेखाचे हात मेरेकू देव अन् माझा मर्द घेऊन जाव." रामरावांच्या सांगण्याप्रमाणे सुरेखा ओळीतून चालत गेली तरी मिरच्या धरायच्या. पण ते रामरावांच्या सांगण्याप्रमाणे.

असल्या हाताला शिंक लागली. पोळा झाला की बांधाबांधावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मागं गाजरगवत पांढरं फुलायचं, आणि सुरेखाचं नाक वाहायला लागायचं. डोळे चुरचुरायचे, छाती घरघरायची. एका शिंकेत वाटीतला पराग हवेत जायचा. आणि ती एका शिंकेवर कुठं थांबायची!

त्यात गावाची रीत. कामाला हात घालताना कुणी शिंकलं की थांबायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग पुढं. अधूनमधून शिंकणाऱ्या माणसांच्या गावात ही रीत चालून जाते. पण सुरेखाचा नवरा हरिओम दारातूनच जाफराबादची जीप भरायचा. माणसं कोंबून झाली, हरिओमनं चावी फिरवली की घरातून शिंक. सगळे खाली उतरून पाणी प्यायचे. परत चढायचे, परत शिंक. "एक नवरदेव पोरगी बघायला निघाला व्हता आमच्या जीपमधून," रामराव पाहुण्यांना सांगत होते. "पोचला तव्हा त्या पोरीच्या लेकराचं बारसं चाललं व्हतं. बुंदी खाऊन आला बिचारा."

हसून पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वर्षी घरात मात्र कुणी हसत नव्हतं. शेजारच्या रामप्रसादनं बोअरची पूजा करायच्या आधी निरोप धाडला होता, आजच्या दिवस सुनेला दुसरीकडं पाठवता का म्हणून. आणि शेडनेटमध्ये टोळीतल्या बायाच शिंक ऐकली की हात थांबवायच्या. कळ्या काही त्यांच्यासाठी थांबत नाहीत. ऊन चढलं की पराग लावून उपयोग नसतो. शेवटी आदिनाथनं मान खाली घालून सांगितलं, "ताई, यंदा तुम्ही बाहेर बसा. दोरे कापून द्या टोळीला."

जिच्या बोटांसाठी कंपन्या निरोप धाडायच्या ती जाळीच्या बाहेर बसून दोरे कापायला लागली. मुकादमकी दुसरीकडं गेली. जाफराबादच्या गोळ्यांनी शिंका थांबायच्या, पण गोळीबरोबर झोप यायची, आणि झोपाळलेला हात सुरेखाला स्वतःचा वाटायचा नाही.

एक दिवस तिनं दोऱ्यांचा गुंडा रामरावांसमोर ठेवला. "मामा, मला आराम नको. मला आत जायचंय. कुठं दाखवायचं तिथं दाखवा."

नवीन जालन्यात ॲलर्जीच्या डॉक्टर होत्या, मीनाताई. त्यांनी सुरेखाच्या हाताच्या आतल्या बाजूला थेंबांची रांग लावली. धुळीचा, बुरशीचा, कसल्या कसल्या परागांचा एकेक थेंब, आणि प्रत्येक थेंबावर सुईचं टोक नुसतं टेकवलं. थोडा वेळ बसवून ठेवलं. बाकीचे थेंब गरीब निघाले. गाजरगवताच्या थेंबाखाली मात्र चांगली टरारून गांध उठली.

"हा तुमचा चोर," मीनाताई म्हणाल्या.

"मारायचं औषध द्या मंग," रामराव म्हणाले.

"मारायचं नाही बाबा. जे तिला सोसत नाही, तेच तिला टोचायचं."

यापुढंही मीनाताई बरंच बोलल्या. सुरुवातीला इतकं थोडं द्यायचं की शरीराला दचकायलाही जागा राहू नये. दर आठवड्याला किंचित वाढवत न्यायचं. मग महिन्याला एक सुई, तीन वर्षं तरी. आणि आधी छातीची घरघर आटोक्यात आणायची, म्हणून सुया दिवाळीनंतर. सुरेखानं सगळं ऐकलं. रामरावांचे कान पहिल्या वाक्यालाच भरले होते. जे सोसत नाही तेच द्यायचं! मग दिवाळीपर्यंत वाट कशाला बघायची? आणि जालन्याला कशाला जायचं? गाजरगवताला काय तोटा होता?

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेलाचे रिकामे डबे घेतले, बांधावरची निवडक रोपं मुळासकट काढली आणि सुनेच्या खिडकीखाली लावली. शेणखत घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. सुरेखा घराच्या मागल्या दारानं ये-जा करायची, तिला पत्ता नव्हता. त्यांची बायको झुंबरबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "आवं, लोकं दारात तुळस लावत्यात!"

"तुळशीनं शिंक जाती का?"

ग्रामपंचायतीची सफाई निघाली, गाजरगवत उपटा म्हणून पोरं विळे घेऊन आली. रामराव डब्यांपुढं आडवे झाले. "आधी मला उपटा! सुनेचं औषध हाय हे!" पोरं डोकं खाजवत पुढच्या गल्लीला गेली.

रामराव शेतकरी पक्के. त्यांनी लावलेलं काही वाया गेल्याचं गावाला आठवत नाही. डब्यांतलं गाजरगवत कमरेएवढं झालं आणि एका सकाळी खिडकीच्या गजांतून आत भरभरून फुललं. सुरेखा उठली ती चाचपडतच, पापण्या उघडेनात. छाती अशी आवळली की बोलताना शब्दाशब्दाला थांबायला लागली. हरिओमनं जीपमधली माणसं खाली उतरवली आणि तिला घेऊन जाफराबाद गाठलं. तिथं नाकातोंडाला वाफ लावली, सुई दिली, दुपारपर्यंत श्वास मोकळा झाला. रामराव दवाखान्याच्या पायरीवर बसून होते. घरी आल्यावर त्यांनी डबे गावाबाहेर नेऊन जाळले आणि पुढं कितीतरी दिवस पारावर फिरकले नाहीत. पारावरच्यांना वाटलं, म्हातारा गेला की काय.

दिवाळीनंतर मीनाताईंना सगळं कळलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "बाबा, बुजरा गोऱ्हा ट्रॅक्टरला कसा सवयीचा करता तुम्ही?"

"लांब बांधतो आधी," रामराव खालच्या आवाजात म्हणाले. "आवाज कानावर पडंल इतक्या लांब. मंग दावं रोज थोडं थोडं जवळ."

"आणि पहिल्याच दिवशी नेऊन हायवेवर ट्रकांच्या मधे उभा केला तर?"

रामरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"आमच्या बाटलीत त्या गवताचा मोजून मापून काढलेला अंश असतो," मीनाताई म्हणाल्या. "दावं किती सोडायचं ते माझं काम. तुमचं काम तिला दर खेपेला इथं आणायचं."

शहागडच्या पाहुण्यांना ही हकिगत सांगताना रामरावांनी एकच लहानसा बदल केला. "आमच्या शेजारी रामप्रसाद म्हणून एक येडा हाय," ते म्हणाले. "त्यानं मायेपोटी गाजरगवताचे डबे लावले आमच्या खिडकीखाली. आता शेजाऱ्याला काय बोलावं!"

जाळीच्या आतून नूरबीचं हसू ऐकू आलं. रामरावांनी न ऐकल्यासारखं केलं.

"आन् बुजऱ्या गोऱ्ह्याचं डॉक्टरीणबाईला मीच समजावून सांगितलं," त्यांनी जोडून दिलं.

"अन् सुई दुखती का?" बेबीनंदानं विचारलं. तिला गोऱ्ह्यात रस नव्हता.

"सुई काय, डास बरा चावतो तिच्यापरीस. दुखतं ते बसणं." आणि हे मात्र त्यांनी जसं होतं तसं सांगितलं. सुई टोचली की अर्धा तास तिथल्याच बाकावर बसायचं, उठायचं नाही. सुरेखाला घाई असायची, घरी धुणं, म्हशी. एकदा ती उठून दारापर्यंत गेलीसुद्धा, बाहेर हरिओमचा हॉर्न वाजत होता. मीनाताईंनी हाताला धरून परत बसवलं. बसली, आणि थोड्या वेळात हात खाजायला लागला, खोकला सुरू झाला, ओठ जड झाले. मीनाताईंनी तिथल्या तिथं मांडीत दुसरी सुई दिली, आडवं निजवलं, तेव्हा ओसरलं. तेच जर रस्त्यात, जीपमध्ये झालं असतं तर! पुढच्या खेपेला औषध कमी केलं, पुन्हा हळूहळू वाढवत नेलं. त्यानंतर सुरेखानं बाकाबद्दल कधी कुरकुर केली नाही. उलट नवीन कुणी लवकर उठायला लागलं की तीच म्हणायची, "बसा. आमच्या मामांची गोष्ट अजून सरायची हाय." रामराव बाकावर गोष्टी सांगायचे, आणि अर्ध्या तासात रामरावांची गोष्ट कधीच सरत नसे.

पहिला हंगाम आला तेव्हा फरक पडला म्हणावा तर पडला, नाही म्हणावा तर नाही. शिंका होत्याच. गावात कुणी म्हणालं, पाणी भरून देत्यात सुईत. हरिओमही एक दिवस बोलून गेला, "राहू दे का गं? किती दिवस जीपचा धंदा बुडवून जालना करायचं?"

सुरेखा भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात धुतला आणि म्हणाली, "मागच्या साली मी बाहेर बसून दोरे कापले. यंदा जाळीला नाक लावून उभी राह्यले सकाळभर. शिंकले, पण दम लागला न्हाई. तुम्हाला नसंल दिसत, मला दिसून राह्यलंय." हरिओमनं परत विषय काढला नाही.

दुसऱ्या हंगामात ती आदिनाथपुढं उभी राहिली. "एकच ओळ द्या. कडंची, दारालगतची. बी बिघडलं तर परत मागणार न्हाई."

आदिनाथनं ओळ दिली. तोंडाला रुमाल बांधून, बोटात अंगठी घालून ती आत गेली. त्या दिवशी रामराव जाळीबाहेर असे येरझाऱ्या घालत होते, की आत सुनेचं बाळंतपण चाललंय असं वाटावं. फळं लाल झाली, बी निघालं, कंपनीनं ते पेरून उगवून तपासलं. त्या ओळीतल्या बियाण्यात एक रोप भेसळीचं निघालं नाही. आदिनाथ स्वतः मोटारसायकलवर घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "ताई, पुढच्या साली टोळी तुमची." झुंबरबाईनं त्याला साखरेऐवजी गूळ दिला, कारण साखरेचा डबा आणायला गेलेले रामराव वाटेतच पारावर बातमी सांगत बसले होते.

आणि हे ते पुढचं साल. मुकादम सुरेखा, आत पिवळा रुमाल बांधून.

"तिसरा हंगाम हा," रामराव पाहुण्यांना म्हणाले. त्यांची छाती आता घमेल्यावर मावत नव्हती. "कंपनीचे लोक लांबून बघायला येत्यात. तुमी आले का न्हाई? मोठे मोठे सायेब येऊन म्हन्त्यात, रामराव, सुनेचा हात दाखवा. मी म्हन्तो, हात न्हाई, नाक बघा! नाक कमावलंय आमी!"

बेबीनंदानं पदर नाकावरून थोडा खाली घेतला. तिला पुढच्या आठवड्यात नवीन जालन्याला जायचं होतं, असं ती म्हणाली. घरचे पाठवायला तयार झालेत, पण एवढा खर्च, एवढ्या चकरा करून पुन्हा शिंक आलीच तर सगळे तिलाच बोलणार. पहिल्या शिंकेलाच म्हणतील, झालं, बंद करा.

"एवढंच सांगा बाबा," ती म्हणाली. "जातं का बिलकुल?"

तिच्या तोंडाकडं बघून रामरावांना राहवलं नाही. एवढ्या आशेनं विचारणाऱ्या माणसाला कमी कसं द्यायचं? त्यांनी मांडीवर थाप मारली.

"बिलकुल! चार सुयांत साफ! ताई, तेव्हापसून आजवर आमच्या सुरेखानं एक शिंक दिली न्हाई. घरात न्हाई, दारात न्हाई, या जाळीत तर न्हाईच न्हाई. कुणी ऐकली आसंल तर सांगावं, हीच मिशी हितंच उतरवून ठिवतो!"

शेडनेटचं दार सरकलं. सकाळचं काम उरकून टोळी बाहेर पडत होती. पुढं सुरेखा, अंगठी अजून बोटात, तिच्यामागं नूरबी, पदरात तोंड दाबून. जाळीतून सगळं ऐकू येतं, हे रामराव बोलायच्या भरात नेहमी विसरतात.

"काढा मंग मिशी," सुरेखा मोठ्यानं म्हणाली. "खोटं हाय ते, मामा."

पाहुणे वळून बघायला लागले. ती मात्र बेबीनंदाकडंच बघत होती.

"चार सुया न्हाई ताई, तिसरं साल सरत आलंय अन् अजून चालू हाय. नाकातला फवारा अजून जवळ ठेवते. आन् आज सकाळीच दोनदा शिंकले. या नूरबीला विचारा, हिच्या कानाजवळ. वाटीवर हात धरला, शिंकले, अन् पुढच्या कळीला लागले. टोळीतल्या एकीनंबी हात थांबवला न्हाई."